ब्लोअरचा दोष शोधायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

माझ्या गाडीच्या हीटरच्या ब्लोअरमधला दोष आपण माझ्याच हातून शोधून घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पंखा चारही वेगांवर मंद फिरत होता आणि गाडीला हादरा बसला की मध्येच थांबत होता. समोरच्या काचेवर वाफ धरली की रस्ता दिसेनासा होई, त्यामुळे मला त्याची धास्तीच बसली होती. फ्यूज तपासला, रिले (विजेवर चालणारा स्विच) बदलून पाहिला. पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळला की बहुधा खालचे वेग बंद पडतात आणि सर्वांत वरचा चालू राहतो, कारण त्या वेगाला प्रवाह रेझिस्टरमधून न जाता थेट मोटरकडे जातो. म्हणून तोही संशय मी सोडून दिला. शेवटी मोटरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, तर पूर्ण १२.४ व्होल्ट दिसले. वीज येते आहे, अर्थात मोटरच गेली, असे धरून मी नवी मोटर घ्यायला निघालो होतो.

तेव्हा आपण विचारलेत, "मोटर जोडून, पंखा चालू ठेवून मोजलेत का?" मी मोजले नव्हते. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातूनही व्होल्टेज पूर्ण दिसते. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण असतो, तसेच हे, असे आपण समजावलेत. कनेक्टर परत बसवून, वेग सर्वांत वर ठेवून त्याच्या मागच्या बाजूने मल्टिमीटरच्या पिना टेकवल्या, तेव्हा मोटरला जेमतेम ८.१ व्होल्ट मिळत होते. बॅटरीपासून येणाऱ्या वायरमध्ये फक्त ०.३ व्होल्टची घट होती. उरलेले ४ व्होल्ट अर्थच्या, म्हणजे मोटरकडून गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परत जाणाऱ्या वाटेच्या, बाजूला जात होते.

डॅशबोर्डखाली टॉर्च धरून आपण दाखवलेला तो अर्थचा बोल्ट अजून डोळ्यांसमोर आहे. लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली तपकिरी गंजाचे कडे, आणि शेजारच्या वायरचे आवरण उष्णतेने कडक होऊन काळवंडलेले. आपण आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायला लावलीत, मग जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासून घेतलीत आणि बोल्ट घट्ट आवळून पुन्हा मोजायला सांगितलेत. मला वाटते, ही शेवटची मोजणीच बहुतेक जण गाळतात. घट ०.१ व्होल्टच्याही खाली आली होती, आणि पंखा पूर्वीसारखा जोरात वारा फेकू लागला.

चांगली मोटर मी फेकून दिली असती आणि नवीही त्याच गंजक्या बोल्टावर तशीच रडतरखडत फिरली असती. आपण स्वतः पाच मिनिटांत काम उरकू शकला असतात, तरी तासभर माझ्याजवळ बसलात, याचे मोल मला फार वाटते. पुढच्या आठवड्यात मागच्या दिव्याची अर्थही याच रीतीने तपासणार आहे. आकडे आपल्याला कळवीन.

कळावे,
आपला कृतज्ञ