माळ्यावरची याने आणि डांबरगोळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली की पुण्यातल्या घराघरांत माळ्यावरची खोकी खाली येतात. कित्येक खोक्यांत विज्ञानपटांतली याने, यंत्रमानव, साडेनऊ सेंटिमीटरच्या बाहुल्या, अर्धवट जोडलेली मॉडेल किट्स असतात. मुलांच्या हातून मोडली नसतील तेवढी ही खेळणी जपून ठेवताना आणि साफ करताना वाया जातात, म्हणून हे पत्र.

खोके उघडल्यावर सर्वांत आधी डांबरगोळ्या बाहेर काढाव्यात. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. मॉडेल किटचे बहुतेक भाग आणि कित्येक यानांच्या पारदर्शक काचा याच प्लास्टिकच्या असतात. बंद खोक्यात ही वाफ वर्षभर कोंडून राहिली की पृष्ठभाग चिकट होतो, बारीक रेघा पुसट होतात आणि हे नुकसान पुन्हा भरून येत नाही. झुरळांची भीती असेल तर जेलचे ठिपके माळ्याच्या कोपऱ्यात लावावेत, खोक्यात काहीही टाकू नये.

दुसरा शत्रू म्हणजे मऊ, जाड, वास येणारी पारदर्शक पिशवी. ती बहुधा पीव्हीसीची असते. पीव्हीसी लवचिक राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेले असते, ते उन्हाळ्यात बाहेर झिरपते आणि शेजारच्या प्लास्टिकमध्ये शिरते. थर्माकोलवर पडून राहिलेल्या वायरची खाच उमटते ती याच कारणाने. बाहुलीचा व्हिनाइलचा झगा किंवा यानाचे रबरी चाक महिनोन्‌महिने एकाच जागी टेकून राहिले तरी असाच डाग पडतो. पिशवी घेताना तळाच्या त्रिकोणातला आकडा पाहावा: ५, ४, २ किंवा १ चालेल, ३ अजिबात नको. वर्तमानपत्रातही गुंडाळू नये. कागद आम्लधर्मी असतो आणि शाई पांढऱ्या प्लास्टिकवर उतरते. धुतलेले, बिनरंगाचे सुती कापड उत्तम. महागड्या प्रतिकृतींच्या पेटीतला मऊ स्पंजही तपासावा. पॉलियुरेथेनचा स्पंज दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो, मग भुगा होऊन रंगाला धरतो. त्याजागी पांढऱ्या ईपीई (पॉलिथिलीनच्या) फोमचा तुकडा कापून बसवावा.

नंतर सेल. अल्कलाइन सेल फुटला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि पांढरी पूड दिसते. हातमोजे घालून, कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर लावून ती पुसावी, मग ओल्या काडीने आणि शेवटी कोरड्या. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथे व्हिनेगरऐवजी खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरावे. स्प्रिंग हिरवी पडली असेल तर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासावी. खाऊन गेली असेल तर नवी बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत शोधावी. धुण्याआधी हे सारे उरकावे, नाहीतर तो क्षार पाण्याबरोबर आतल्या सर्किटपर्यंत पोचतो.

धुणे म्हणजे कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर लावले की रंग आणि प्लास्टिक दोन्ही जातात. स्पिरिट निरुपद्रवी वाटते, पण पारदर्शक काचेवर ते लागले की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटतात. कागदी स्टिकर असलेला भाग पाण्यात बुडवू नये. आत स्प्रिंग किंवा स्क्रू असेल तर तो भाग नुसता ओल्या कापडाने पुसावा, कारण आत राहिलेल्या पाण्याचा गंज बाहेर दिसतो तोवर उशीर झालेला असतो.

पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या प्लास्टिकबद्दल सर्वाधिक विचारणा होते. एबीएस नावाचे कडक प्लास्टिक ऊन आणि उष्णतेने पिवळे पडते. सलूनला लागणारे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम लावून, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवले की पांढरेपणा येतो, हे खरे. पण क्रीम जिथे सुकते तिथे कायमचे पट्टे पडतात, स्टिकर फिके होतात आणि काही वर्षांत पिवळेपणा अंधारातही परत येतो. दुर्मिळ वस्तूवर हा प्रयोग करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पिवळे पण अस्सल यान पट्टेरी पांढऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचे.

घरी थ्रीडी प्रिंटरवर शस्त्रे आणि शिरस्त्राणे बनवणारे तरुण आता पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांनी लक्षात ठेवावे की पीएलए, म्हणजे या प्रिंटरचे नेहमीचे प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. एप्रिलच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत एवढे तापमान सहज होते आणि शिरस्त्राण खचून वाकडे होते. प्रवासात न्यायच्या वस्तूला पीईटीजी किंवा एबीएस वापरावे. थरांच्या रेघा बुजवायला गाड्यांच्या रंगकामाची एनसी पुट्टी पातळ थरांत लावून आधी २२०, मग ४०० नंबरचा पेपर पाण्यात घासावा. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि आठवड्याभरात आकसून तडकतो. आर्द्रता ८० टक्क्यांवर असताना लॅकरचा स्प्रे मारू नये. बाष्प धरून रंगावर पांढरट साय येते. रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतून केलेला भाग आधी साबणाने धुवावा, साच्याचे तेल राहिले तर प्रायमर सालपटासारखा निघतो. रेझिन नेहमी ओलेच घासावे, मास्क लावून.

एक कळकळीची विनंती. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या नायकाच्या प्रकाशखड्गाची (लाइटसेबरची) मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स या जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. तलवारी बनवण्याच्या नादात असे किती दांडे जगभर कापले गेले! जुन्या बाजारात तो कुणाला दिसलाच तर त्याला भोके पाडू नयेत. धातूच्या चांगल्या प्रतिकृती मिळतात.

'स्टार वॉर्स'ची जुनी बाहुली विकत घेताना तिच्या पायावरचा १९७७ हा आकडा फार मनावर घेऊ नये. ते स्वामित्व हक्काचे वर्ष, उत्पादनाचे नव्हे. हातातली बंदूक किंवा झगा नवा असण्याची शक्यता दाट असते. त्या चित्रपटातल्या जावा या ठेंगू पात्राच्या व्हिनाइलच्या झग्याच्या बाहुलीला फार मागणी, म्हणून दुसऱ्या बाहुलीचा झगा कापून जावाला घातला जातो. कडेवर कात्रीची खूण दिसते का, हे भिंगातून पाहावे.

शेवटी परत ठेवण्याबद्दल. माळा स्लॅबखाली तापतो आणि पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून खोके खोलीतल्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर असावे. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहावी. ६५ च्या वर पुठ्ठ्यांवर बुरशी धरू लागते. हवाबंद २० लिटरच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा. डबा ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी बंद करावा, पावसाच्या दिवशी नव्हे. नारिंगी दाणे हिरवे झाले की बाहेर काढून ११० अंशांवर दोन-तीन तास तापवावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच परत ठेवावेत.

– विज्ञानपटांच्या खेळण्यांचे काही संग्राहक, पुणे