तपासणी आधी, औषध नंतर

महोदय,

फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी सुमारे ८५ टक्के ‘नॉन-स्मॉल सेल’ (म्हणजे लहान पेशींचा नसलेल्या) प्रकारचे असतात. सुरुवातीच्या टप्प्यात शस्त्रक्रियेने तो बराही होऊ शकतो. पण आपल्याकडे जुनाट खोकला अनेकदा क्षयाचा मानला जातो आणि तो टप्पा निसटतो. रोग पसरल्यावरही सरसकट केमोथेरपी सुरू करण्याऐवजी आधी गाठीच्या तुकड्याची ईजीएफआर व एएलके ही जनुके आणि पीडी-एल१ हे प्रथिन यांसाठी तपासणी व्हावी, कारण ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल आढळल्यास ऑसिमर्टिनिबसारखी रोजची गोळी अधिक गुणकारी ठरते. (धूम्रपान न करणाऱ्यांत हे बदल तुलनेने अधिक आढळतात.) खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग केंद्र आहेच, तरी ठाणे व नवी मुंबई महापालिकांनी आपल्या रुग्णालयांतून या तपासणीची मोफत सोय करावी.

– एक वाचक, नेरुळ