'जवळजवळ'च्या पुढे चूकही लिहा

संपादक महोदय,
स. न.

कॉलेजात एकतीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झाले. टेलर श्रेणीची, म्हणजे किंमत काढायच्या एका न संपणाऱ्या बेरजेची, पहिली तीन पदं फळ्यावर लिहून थांबले, की एखादी तरी मुलगी विचारायचीच, "मॅडम, पुढची पदं सोडली, म्हणजे उत्तर चुकलंच ना?" चुकलंच. पण किती चुकलं हे सांगता येतं, आणि नेमकं तेच आपण शिकवत नाही, ही माझी खंत आहे.

सातव्या शतकातला आपला गणिती पहिला भास्कर, त्याची साइन (काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले कर्ण) काढायची रीत पाहा. (लीलावतीचे भास्कराचार्य वेगळे, ते पाचशे वर्षांनंतरचे.) आजच्या भाषेत सांगायचं, तर कोन अंशांत घ्या, १८० मधून तो वजा करा आणि दोन्हींचा गुणाकार करा. त्याची चौपट अंशस्थानी, आणि ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून छेदस्थानी. ३० अंशांसाठी गुणाकार येतो ४५००. मग १८००० भागिले ३६०००, म्हणजे नेमका अर्धा! ९० अंशांना नेमका १. ४५ अंशांना मात्र ०.७०५९ येतं, खरी किंमत ०.७०७१. शून्यापासून १८० अंशांपर्यंत कुठलाही कोन घ्या, चूक ०.००१७ च्या वर जात नाही. नुसत्या गुणाकार-भागाकारावर! मी पहिल्यांदा हे हाताने करून पाहिलं तेव्हा तासभर वही मिटवली नव्हती.

आता त्याच साइनसाठी टेलर श्रेणीची पहिली तीन पदं घ्या. ४५ अंशांना ती भास्कराच्या रीतीपेक्षा कितीतरी सरस, ०.७०७१४ देतात. पण १८० अंशांना, जिथे शून्य यायला हवं, तिथे ०.५२! शून्याजवळ भरवशाची असलेली ही बहुपदी (कोनाच्या घातांची बेरीज-वजाबाकी) लांब गेल्यावर साथ सोडते. चूक एका टोकाला साचू न देता सगळीकडे सारखी वाटायची, हा विचार एकोणिसाव्या शतकात रशियन गणिती चेबिशेव्हने पक्का केला. संगणकातली साइनही बहुधा अशाच निवडलेल्या बहुपदीने काढलेली असते.

मुलं मात्र 'जवळजवळ बरोबर' हे चिन्ह काढून मोकळी होतात. कुठपर्यंत जवळ, किती जवळ, हे त्यांना कुणी विचारतच नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: 'किंमत काढा' या प्रश्नाखाली 'चूक जास्तीत जास्त किती?' हा उपप्रश्न घाला, आणि त्याला गुण ठेवा.

– एक निवृत्त प्राध्यापिका