बत्तीस किलोमीटरचं भाडं

वास्को,
चवथीनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा तसाच, साखर ताब्यात. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आपला मडगावचा टाइल्सवाला. वीस वर्षं गुजरातच्या मोरबीहून माल आणायला माझ्याच गाड्या. परवा चहा पाजला आणि टवका उडालेली एक टाइल टेबलावर ठेवली. म्हणाला, "पात्रांव, कोचीवाले गुजरातेतून कंटेनर जहाजाने आणतात. आम्हीही मुरगाव बंदरात उतरवले तर? तुम्ही फक्त धक्क्यावरून गोदामात आणून द्या." हजारावर किलोमीटर गेले बाबा, उरले बत्तीस!

रात्री बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. पाण्यावर टनामागे डिझेल किती कमी लागतं हे मला कुणी सांगायला नको. मांडवीतून तुझी दोन हजार टनांची मालवाहू बार्ज निघाली की तू बोट दाखवायचास, "बघ, तुझ्या शंभर गाड्या, शंभर ड्रायव्हर, चारशे चहा." आणि मी म्हणायचो, बार्ज दुकानाच्या दारात येत नाही. अजूनही तेच म्हणतो. मोरबीहून बंदरापर्यंत ट्रक, तिथे क्रेन, मुरगावात परत क्रेन, परत ट्रक. जहाज रखडलं की माल पाण्यावर तरंगतो, व्याज मात्र किनाऱ्यावर चालूच. ट्रक वीस टनाला निघतो, जहाज निघेल का? ही दोन टोकांची वाराई, म्हणजे चढ-उताराची मजुरी, लांब पल्ल्यातच जिरते, मुंबई-गोव्याच्या सहाशे किलोमीटरात नाही. १९९९ साली कोकण रेल्वेने कोलाड-वेर्णा रो-रो सुरू केली, भरलेला ट्रकच डब्यावर चढवला, तेव्हा तू हसलास. पण त्यात मालाला हात लागत नाही, हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस.

आणि परतीला काय भरणार? गुजरातेत फेणी? रिकाम्या कंटेनरचं भाडं शेवटी टाइल्सवरच बसणार. अर्थात माझ्या गाड्या तरी परत काय नेतात म्हणा, निम्म्या वेळा वारा.

एवढं सगळं मांडूनही, खरं सांगतो, मोरबीपुरता आकडा त्याच्याच बाजूने झुकतो. तूटफूट धरली तर जास्तच. तू जिंकलास म्हणून नाचू नकोस. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा तुझी बार्ज आणि माझे टिपर एकदमच उभे राहिले होते, आठवतं ना?

त्याला बत्तीस किलोमीटरचा दर सांगितला तर डोळे पांढरे केले. "एवढ्याशा अंतराला?" म्हटलं, धक्क्यावर रांगेत गाडी दिवसभर उभी राहील, त्याचं हॉल्टिंग कोण देणार, तुझा कोचीवाला? अजून त्याचा फोन नाही. दोन गाड्यांचे हप्ते मार्चपर्यंत आहेत. पोराला काही बोललो नाही, तो लगेच विका म्हणेल.

तुझ्या मुलीचं ठरलं म्हणे, छान झालं. तारीख कळव. वहिनींना नमस्कार.

ती टाइल मी खिशात घालून आणली. ड्रायव्हर शपथेवर सांगतो, गाडीत फुटली नाही, त्यांच्या हमालाने आपटली. तू आलास की टवका बघून सांग.

तुझा,
बाप्पा