घरातली गोष्ट त्यांना देऊ नकोस

चि. सानिका हिस,
अनेक आशीर्वाद.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तुझी निवड झाल्याचं कळलं आणि आजीने देवापुढे साखर ठेवली. नंतर कार्यक्रमाच्या लोकांचा मला फोन आला. तुझ्या रियाजाबद्दल, गुरूंबद्दल एकही प्रश्न नाही. घरात कोण आजारी आहे, कर्ज किती, बाबांची नोकरी कशी सुटली, एवढंच विचारत होते. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

मतमोजणीत कुणी हात मारतं, असं मी म्हणत नाही. त्याची गरजच पडत नाही. मतदान सुरू होईपर्यंत प्रेक्षकाचं मन वळवून झालेलं असतं. शेवटी कोण गाणार, कुणाला पट्टीत बसणारं गाजलेलं गाणं द्यायचं, कुणाच्या गाण्यात परीक्षकांचे डोळे पुसताना दाखवायचे, हे सगळं पडद्यामागे ठरतं. शेवटचं गाणं कानात ताजं राहतं, म्हणून त्या जागेला मोल. युरोपातल्या देशांच्या युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेत आधी गाण्यांचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरायचा. २०१३ पासून तो निर्माते लावू लागले. तिथे निदान हे सगळ्यांना ठाऊक असतं. ब्रिटनमधल्या टीव्हीवरच्या ‘एक्स फॅक्टर’ या गाण्याच्या स्पर्धेत २०१० साली निवडफेरीतले सूर यंत्राने सुधारून ऐकवल्याचं उघड झालं, तेव्हा लोक फार चिडले होते.

आपल्याकडे २०२१ मध्ये ‘इंडियन आयडल’च्या किशोरकुमार विशेष भागाला त्यांचे चिरंजीव अमितकुमार गेले होते. सगळ्यांचं कौतुक करा असं मला सांगितलं होतं, असं ते नंतर उघडपणे बोलले. त्याच वर्षी अभिजीत सावंतनेही सांगितलं, की हल्ली गुणांपेक्षा स्पर्धक किती गरीब आहे यातच निर्मात्यांना जास्त रस असतो. तो याच स्पर्धेचा पहिला विजेता, आपला मुंबईचा मुलगा. त्याचं बोलणं मला लागलं.

प्रेक्षकही अगदी मातीचे गोळे नसतात. २००७ मध्ये ‘इंडियन आयडल’मध्येच कोलकाता पोलिसातल्या, मूळच्या दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंगच्या लोकांनी वर्गणी काढून एसएमएस पाठवले आणि त्याला जिंकवलं. एकाने कितीही मतं द्यावीत, अशी सोय होती. पण तिथेही मतं पडली ती आपला माणूस म्हणून.

तू जा, मनापासून गा. मात्र आजीचं डायलिसिस मी चित्रित करू देणार नाही. बाबांना विचारलं, तेही नको म्हणाले. यामुळे तुझ्यावरचा भाग छोटा होईल, मतंही कमी पडतील. हे मला कळतं, आणि तरीही मी ठाम आहे. तुला वेगळं वाटत असेल तर फोन कर, आपण बोलू.

कराराचा कागद सही करण्याआधी काकांना दाखव. गाणं निवडताना तुला नाही म्हणता येईल का आणि तुझी मुलाखत कापून कुठेही जोडायचा हक्क त्यांना आहे का, ही दोन कलमं नीट वाचायला सांग.

तुझी,
आई