हद्दपार काय करायचे? आजार की जनुक?

संपादक महोदय,

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार २०४७ पर्यंत हद्दपार करण्याच्या उद्दिष्टाविषयीची बातमी वाचली. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेतील रक्ततपासणीचे स्वागतच आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे या आजाराने किती घरे पोळली, हे नव्याने सांगायला नको. पण नेमके काय हद्दपार होणार, ते कोणी मांडत नाही.

हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, आई-वडिलांकडून एकेक. दोन्ही सिकलच्या असल्या तर माणूस रुग्ण, एकच असली तर वाहक, एकही नसली तर एए. एखाद्या समाजात अशा शंभर प्रतींमागे दहा सिकलच्या आहेत असे धरू. मग शंभर माणसांत साधारण १८ वाहक (एएस) आणि एक रुग्ण (एसएस) निघतो. म्हणजे एकूण वीस सिकल प्रतींपैकी अठरा धडधाकट वाहकांच्या अंगात. नैसर्गिक निवडीच्या चाळणीत त्या अडकतच नाहीत. एकाही रुग्णाला मूल झाले नाही असे मानले, तरी पुढच्या पिढीत दहा टक्क्यांचे ९.१ होतात. निम्म्यावर यायला दहा पिढ्या, म्हणजे अडीचशेएक वर्षे!

तेही वाहकांना काही फायदा नसेल तर. संशोधक अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून १९५४ मध्येच दाखवून दिले, की फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियापासून वाहकांना चांगलेच संरक्षण मिळते. एए मुले मलेरियाने दगावत, एसएस मुले सिकलने, एएस तगत. एए असलेल्यांचा वाहकांच्या तुलनेत ११ टक्के जरी तोटा झाला, तरी एसएसपैकी कोणीच न जगताही हे जनुक दहा टक्क्यांवर टिकून राहते. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून मलेरिया अजून गेलेला नाही, हेही लक्षात घ्यावे.

गंमत अशी, की लग्नाआधी तपासणीची (एए, एएस, एसएस) कार्डे जुळवून दोन वाहकांचे लग्न टळले, तर एसएस बाळे जन्मणार नाहीत, पण जनुक गळते ते रुग्णांमार्फतच, तेव्हा ती वाटही बंद होईल. होऊ द्या! सिकल किंवा थॅलेसेमियाचा वाहक नसलेल्या मुलाशी एएस मुलीचे लग्न झाले, तर त्यांचे एकही मूल सिकलचे रुग्ण होत नाही. तरीही एएस कार्ड पाहून स्थळे परत जातात, ती शुद्ध अडाणीपणाने.

तेव्हा मोहिमेचा ताळेबंद देताना वाहक किती घटले, हे मोजू नये. एसएस बाळे किती जन्मली आणि सिकलचा त्रास कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी कोणकोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळते, ते जिल्हावार छापावे.

— जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, चंद्रपूर