काळी आई आणि नुतग

उलानबातर,
मंगळवार, रात्री

प्रिय शैले,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. तुझा राग कबूल. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? माझा गुडघा बरा आहे.

शनिवारी इथे कविता-गाण्यांची बैठक आहे. पाहुणे इंग्रजीत बोलणार, इथले कवी-गायक मंगोलियनमध्ये, आणि दुभाष्या शोधायचं काम माझ्याकडे. खाणींचे करार घडाघडा सांगणाऱ्या एका भल्या गृहस्थांना आज तालमीला बोलावलं. इथल्या नात्सागदोर्ज या कवीची ‘मिनी नुतग’, म्हणजे ‘माझं नुतग’, ही कविता वाचली गेली. आपल्याकडे यमक ओळीच्या शेवटी, यांच्याकडे सुरुवातीला. एकच अक्षर ओळीमागून ओळीला घुमत येतं. आणि गृहस्थ ‘नुतग’ला म्हणाले, ‘टेरिटरी’.

शैले, ओवीतल्या काळ्या आईचं मी ‘सॉइल’ केलं होतं आणि तू वही फेकली होतीस! आठ दिवस अबोला. नंदू मध्ये बसून दोघींच्या वाटणीची मिसळ खायचा. अर्थ पोचला की झालं, असं मी भांडत होते. तुझं बरोबर होतं, आज लिहून देते. नुतग म्हणजे जिथे जन्मलो तिथलं कुरण, पाणी, माणसं. ‘आमच्या मुलखात’ म्हणताना अण्णांचा आवाज बदलायचा ना, तसं.

मग ‘उर्तीन दू’ची पाळी. शब्दशः लांब गाणं. गृहस्थांनी तेवढंच सांगितलं, तर एका पाहुण्याने घड्याळ पाहिलं. खरं तर लांब असतो तो स्वर; चार मिनिटांच्या गाण्यात दहाच शब्द असू शकतात. तेव्हा मागे चहा देणारी मुलगी अडखळत इंग्रजीत म्हणाली, ‘गाणं मोठं नाही. शब्द हळू येतो. थांबा.’ सगळे थांबले. पोर दुंदगोवी प्रांताची, या गाण्यांच्याच मुलखातली. आजी गाते म्हणे.

आता माझा जीव खालीवर. तिची क्रियापदं चुकतात. चर्चेत अडली तर म्हाताऱ्या कवीला अपमान वाटेल का? गृहस्थ अडणार नाहीत, पण कविता त्यांच्या हातून पार होणार नाही. मी ठरवतेय, कविता आजच तिच्या हातात द्यायच्या, तीन दिवस दोघींनी ओळ न् ओळ बोलून काढायची. चर्चेला गृहस्थ, कवितेला ती. की एकाच बैठकीत दोन आवाज नकोत?

आणि ऐक, इथे कवितेला ‘शुलेग’ म्हणतात. मूळ आपला श्लोक, मध्य आशियातल्या उइगुर लोकांकडून आलेला! शुक्राला ‘सुगर’ म्हणतात. शब्द एवढं वाळवंट तुडवून इथवर आले आणि माझ्या खोलीत येऊन अडलेत.

अथर्वची बारावी कशी गेली? मावशींच्या डोळ्याचं झालं का? नव्या घराचे फोटो पाठव, स्वयंपाकघराचा आधी.

शुक्रवारच्या आत कळव. पोरीला बसवू ना?

तुझीच,
मंजू